फुंकर लागत नाही

नेवाशात सहादेवचं टीव्ही-गेमचं दुकान होतं. कॅसेट अडली की तो तिच्यात फुंकर मारी आणि गेम चालू होई. त्याचं दुकान बंद पाडायला चुलतभाऊ भानुदासनं समोरच तेच गेम कॉम्प्युटरवर आणले. भाऊबंदकीत माणूस तोट्यातही खूश असतो.

"अडलं तर फुंकर कुठं मारशील रं?" सहादेवनं दारातूनच टोमणा मारला.

"हितं फुंकर लागतच न्हाई, दादा. तू कुलूप घे आता!" भानुदास हसला आणि तसाच थिजला. तोंड उघडं, पापण्या अर्ध्या. पडद्यावरचा गेम मात्र चालूच होता.

मग पडद्याच्या आतून कुणीतरी लांब फुंकर मारली. भानुदासच्या केसांतली धूळ उडाली.

"हितं फुंकर लागतच न्हाई, दादा," तो पुन्हा पहिल्यापासून बोलू लागला.