देवघरावरचे कवेलू

“देवाच्या डोक्यावर कोणाचा पाय पडू द्यायचा नाही, सूनबाई. मग तो कवेलू फेरणारा का असेना.”

सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली, तरी छपरावर माणूस चढला की सुमतीबाईंना हे वाक्य त्यांच्याच आवाजात ऐकू येई. आत्ताही आलं. वर कवेलू फेरणारे रुपराव होते. मधल्या खोलीवरचे कवेलू त्यांनी या पावसाळ्यात तिसऱ्यांदा फेरले होते, फुटकी कौलं काढून चांगली बसवली होती. पहाटेचा पाऊस थांबून दोन तास झाले, आणि खाली डालड्याच्या डब्यात थेंब पडतच होता.

खोली चारूसाठी रिकामी केली होती. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. पण कळमेश्वरच्या विहीणबाई मध्ये येऊन गेल्या, त्यांनी डब्याकडे बोट दाखवलं आणि विचारलं, “इथं? या ओलीत?” तेव्हा सुमतीबाई नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या होत्या, “खोली कोरडी झाली की मी स्वतः न्यायला येईन. थेंब असला तर येणारच नाही.” चारूला उद्या आठवा लागत होता. आठव्यात पोर हलवायची नाही, हे दोन्ही घरांना मान्य. न्यायची तर आजच.

“काहून गळून राहिलं, समजत नाही बा!” वरून रुपराव ओरडले. “इथं एक कवेलू फुटका नाही!”

“विहीणबाईंना कळव,” ओसरीवरून अनंतराव बायकोला म्हणाले. “चारूबरोबर एक छत्रीही पाठवा म्हणावं.”

सुमतीबाई स्टुलावर चढल्या. थेंब सुटत होता तिथल्या छपराच्या आडव्या लाकडी बल्लीवर त्यांनी बोट फिरवलं. ओली. हातभर बाजूला, तिथंही ओली. बोट तसंच सरकत भिंतीला जाऊन टेकलं. भिंतीपलीकडे देवघर.

स्टूल उचलून त्या देवघरात गेल्या. तीच बल्ली भिंतीतून इकडे आलेली, आणि इकडे ती निथळत होती. वर कवेलूंच्या फटीतून चांगलं बोटभर आभाळ दिसत होतं. पाणी शिरत होतं देवघरावर. बल्ली पलीकडे जराशी कललेली, म्हणून ते गळत होतं चारूच्या खोलीत.

“रुपराव, देवघरावरचे कवेलू शेवटचे कधी फेरले होते?”

वर हातातला कवेलू खाली ठेवल्याचा आवाज आला.

“रुपराव?”

“नाही फेरले.” मग शिडी करकरली आणि रुपराव खाली आले. दारातच उभे राहून हात पुसू लागले. “बारा वर्सं झाले बाई, तिकडे मी पायच नाही टाकला.”

“अन् हे आज सांगता?” अनंतराव उठून आले.

“मले वाटलं, तुमाले मालूम आहे.” रुपरावांनी मान खाली घातली. “आमच्या घरी देव नाही. छप्पन साली दीक्षा घेतली तवापासून नाही. पण तुमच्या आईले शब्द देल्ला होता, देवाच्या डोक्यावर पाय नाही ठेवत म्हून. त्या गेल्या म्हणून का शब्द गेला?”

अनंतरावांचा आवाज उतरला. “आईनं सांगितलेलं आहे, सुमती. त्यातून चारूची ही अशी वेळ. उगीच काही झालं तर?”

सुमतीबाईंनी हात धुतले. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, महादेवाची पिंड. यांना पाणी घातल्याशिवाय पंचवीस वर्षांत त्यांनी कधी घास घेतला नव्हता. एकेकाला उचलून त्यांनी तबकात ठेवलं, अंगणात कडूनिंबाखाली पाट मांडला आणि सगळ्यांना त्यावर नीट बसवलं. प्रत्येकाला एकेक फूल वाहिलं.

“देव बाहेर आलेत,” त्या म्हणाल्या. “आता तिथं कोणाचं डोकं नाही. चढा.”

रुपरावांनी एकदा पाटाकडे पाहिलं, एकदा छपराकडे. “शब्द नाही ना मोडत, बाई?”

“मोडला तर माझ्या नावावर.”

रुपराव चढले. पहिलं पाऊल त्यांनी तरीही हलकेच टेकवलं. मग त्यांचा आवाज आला, “अरे बापा! माकडाइनं तं पार भुगा केला इथं!”

वीतभर कुजलेला पाला निघाला, आठ-दहा फुटके कवेलू निघाले. भिंतीकडेला रचलेले चांगले कवेलू वर गेले. तासाभरात फट बुजली. सुमतीबाईंनी चुलीतली राख चाळून चारूच्या खोलीत बल्लीखाली पसरली. राखेवर थेंब लपत नाही, खळगा उमटतो.

“टाकू का पाणी?”

“टाका.”

अनंतरावांनी विहिरीवरून ओढून दिल्या त्या अकरा बादल्या रुपरावांनी छपरावर ओतल्या. पागोळ्यांनी अंगण भिजलं. सुमतीबाई राखेशी वाकून बसल्या होत्या. राख चाळलेल्या पिठासारखी तशीच राहिली.

त्यांनी डबा उचलला, मोरीत नेऊन उपडा घातला. लुगडं बदललं, पिशवीत खण-नारळ ठेवला. कळमेश्वरची बारा वाजताची गाडी मिळण्यासारखी होती.

“अगं, निघालीस काय? देव अजून बाहेर आहेत,” अनंतराव म्हणाले. “माकडं सोडतील का फुलं?”

“तुम्ही आहात ना.” त्यांनी पाटापुढे वाकून नमस्कार केला. “चारूला घेऊन येते. मग सगळेच एकदम आत जाऊ.”

अनंतरावांनी खुर्ची ओढली, कोपऱ्यातली काठी घेतली आणि पाटाशेजारी राखण करत बसले. फाटकाची कडी वाजू न देता लावून सुमतीबाई गाडीच्या वाटेला लागल्या.