रिपोर्टिंग किती वाजता?

“जागा एकच उरलीय,” गेटवरची बाई म्हणाली आणि तिने समोरच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

दोघंही वैमानिक. घरं या शहरात, पण त्यांची विमानं सुटायची ती दीड तासावरच्या दुसऱ्या शहरातून, म्हणजे कंपनीच्या बेसवरून. तेव्हा कामावर जायलाही आधी विमानच पकडायचं. भरलेल्या विमानात एखादी जागा उरली तर बसायचं, नाही तर हात हलवत घरी परत. एक पंचवीस वर्षांचा मुरलेला कॅप्टन. कंपनीत त्याला ‘तोफ’ म्हणत, अर्थात पाठीमागे. दुसरी एक नवीन सहवैमानिक, करडी सॅक पाठीला लावलेली पोरगी. ती साडेपाचपासून गेटवर उभी होती. तो आत्ता आला होता, गणवेशावर कोट गळ्यापर्यंत बंद करून.

“ज्येष्ठता बघ यादीत,” तो बाईला म्हणाला. “जागा माझी आहे.”

रोज असं येणं-जाणं करणाऱ्यांची एक रीत आहे. ती कुठल्या नियमावलीत नाही, पण सगळे पाळतात. जागा एक आणि माणसं दोन असली की एकमेकांना ड्युटीची वेळ विचारायची. ज्याची आधी, त्याने जायचं. पोरगीने तेच केलं.

“सर, तुमचं रिपोर्टिंग किती वाजता?”

झालं. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उद्या सकाळी अकराला समुद्रापलीकडच्या शहरात त्याच्या मुलीचं नोंदणी पद्धतीने लग्न होतं. तिच्या साखरपुड्याला त्याची ड्युटी होती, पदवीच्या समारंभाला तो विमानतळावर अडकून पडला होता. या खेपेला मुलीने फोनवर शांतपणे सांगितलं होतं, की बाबा, नाही आलात तर पुन्हा बोलावणार नाही. आज बेसवरून त्या शहराला जाणारं विमान उडवायला मिळावं म्हणून त्याने तिघांशी ड्युट्या बदलल्या होत्या, दोघांची मनधरणी केली होती. मनधरणी, त्याने! आणि ही कालची पोर त्याला वेळ विचारत होती.

“मला रिपोर्टिंग विचारणारी तू कोण?” तो म्हणाला. “माझ्या नोकरीइतकं तुझं वय नाही.”

पोरगी लाल झाली, पण हटली नाही. कॉकपिटमध्ये कॅप्टनच्या मागे एक घडीची खुर्ची असते. ती म्हणाली, की मला अजून वर्ष झालं नाही, त्यामुळे तिथे बसता येत नाही, पण तुम्हाला येईल. तुम्ही आत बसलात तर दोघंही जाऊ. फक्त या विमानाच्या कॅप्टनला स्वतः जाऊन विचारावं लागेल.

या विमानाचा कॅप्टन कोण, हे त्याने बोर्डावर वाचलं होतं. एके काळचा जिवलग मित्र. पाच वर्षांपूर्वी तोफेने त्याच्याविरुद्ध लेखी तक्रार केली होती आणि तेव्हापासून दोघं एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. त्याच्यापुढे हात पसरायचा? त्यापेक्षा नोकरी सोडली असती.

त्याने काउंटरवर ओळखपत्र आपटलं. बाईने निमूटपणे जागा दिली. विमानाच्या दारातून त्याने मागे पाहिलंही नाही.

बेसवर तो वेळेआधी पोहोचला. कॉफी घेतली, हवामानाचे कागद वाचले, मुलीला ‘निघतोय’ असा मेसेज केला. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली, सहवैमानिकाचा पत्ता नव्हता. मग ड्युटी टेबलवरचा म्हातारा कारकून उठून आला. सहवैमानिक येऊ शकत नाही, राखीव माणूस सकाळीच दुसऱ्या विमानावर गेला, तुमचं विमान उद्या सकाळवर ढकललंय, असं त्याने सांगितलं. अकरापर्यंत पोहोचवणारं दुसरं विमान नव्हतंच.

आता मात्र तोफ धडाडली. असल्या बेजबाबदार पोरांना घरी बसवा, राहायचं एकीकडे आणि नोकरी दुसरीकडे, हे धंदे करायला सांगितलंय कोणी, असं काय काय तो बोलला. अकरा वर्षं तो स्वतः तेच करत होता. कारकुनाला ते ठाऊक होतं.

“तक्रारीचा फॉर्म दे इकडे,” कॅप्टन म्हणाला. “माझ्या पोरीच्या लग्नाला मुकवणाऱ्याला मी सोडणार नाही.”

कारकुनाने फॉर्म दिला. कॅप्टनने पेन उघडलं आणि पहिल्या ओळीत, तक्रारदार म्हणून, स्वतःचं नाव ठळक अक्षरांत लिहिलं. कागद फाटेल इतका जोर दिला.

“तिचा फोन आला होता,” कारकून म्हणाला. “रडत होती. साडेपाचपासून गेटवर उभी होती म्हणे. जागा एकच राहिली, ती कोणा कॅप्टनने ज्येष्ठतेवर घेतली. तिने त्याला रिपोर्टिंगची वेळ विचारली, तर अंगावर आला. तुमच्याच वेळेला रिपोर्टिंग होतं तिचं.”

कॅप्टनने खिशातून ड्युटीचा कागद काढला. त्यात तो नेहमी आपलं नाव आणि वेळ तेवढी वाचत असे. खालच्या ओळीत सहवैमानिकाचं नाव होतं, शेजारी तिकिटाएवढा फोटो होता. फोटोत तीच पोरगी होती.

टेबलावरचा फोन थरथरला. मुलीचं उत्तर आलं होतं: ‘खरंच निघालात, बाबा?’

“लिहा, साहेब,” कारकून म्हणाला. “माणूस कोण ते शोधून काढू आपण. सोडायचं नाही.”

फॉर्मची दुसरी ओळ होती, ‘कोणाविरुद्ध’. कॅप्टनने तिथेही तेच नाव लिहिलं, तेवढाच जोर देऊन.