कर्सर थांबला होता

पडद्यावर कर्सर एक ओळ खाली उतरला, दोन शब्द मागे गेला आणि थांबला.

"काय बारकाईनं वाचतात हो तुमचे मास्तर!" पत्रकं कशी तपासली जातात ते पाहायला आलेला औषध कंपनीचा तपासनीस म्हणाला. साहेबांनी हसून मान डोलावली. शेजारी बसलेल्या प्रोग्रामर बाईला शिसारी आली. साहेबांची, आणि त्याहून जास्त स्वतःची.

मास्तरांना गेल्याच आठवड्यात घरी पाठवलं होतं. औषधांची माहितीपत्रकं छपाईआधी तपासण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. शेजारच्या खोलीत आता त्यांची रिकामी खुर्ची होती, आणि त्यांच्या कॉम्प्युटरवर तिनं लिहिलेली स्क्रिप्ट चालू होती; तोच पडदा इथे दिसत होता. फाइल उघडायची, कर्सर ओळीओळीनं न्यायचा, पान माणसाच्या वेगानं सरकवायचं, मध्येच मागे यायचं. वाचायचं मात्र अक्षरही नाही.

ती ढब उचलायला ती तीन दिवस मास्तरांना चिकटून बसली होती. म्हाताऱ्याला वाटलं, पोरीला कामाची गोडी लागलीय. "आकडा दिसला की थांबायचं, पोरी," त्यांनी जीव ओतून सांगितलं होतं. "आकड्याशी घाई नको." तिनं तेही टिपून घेतलं. आकडा आला की चार सेकंद.

सतरावी फाइल उघडली. लहान मुलांचं तापाचं औषध. कर्सर मात्रेच्या ओळीवर आला. 'एका वेळी ५० मिली.' तिथे त्यानं चार सेकंद दम खाल्ला आणि निवांत पुढे सरकला.

ती साहेबांच्या कानाशी वाकली. "साहेब, पाच हवं. पन्नास पडलंय."

"गप्प बस," साहेब ओठ न हलवता पुटपुटले.

ती उठली. शेजारच्या खोलीत जाऊन तिनं स्क्रिप्ट बंद केली, पान मागे सरकवलं आणि ते शून्य खोडलं. मग मास्तरांच्या खुर्चीत बसून तिनं ते पत्रक पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत वाचलं. या ऑफिसात तिनं असं काही वाचायची ही पहिलीच वेळ.

परतली तेव्हा साहेबांचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. तिनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

"वाचत कुणीच नव्हतं," ती तपासनिसाला म्हणाली. "नुसता कर्सर हलत होता. या पत्रकात चूक होती, ती मी सुधारली. आधीची सोळाही कुणीतरी वाचायला हवीत."

तपासनिसानं यादी जवळ ओढली. यादीवर सोळा बरोबरच्या खुणा ओळीनं उभ्या होत्या.

"कर्सर थांबला होता ना त्या आकड्यावर? मग ते तपासून झालं होतं, बाई. आमच्या नियमात तेवढंच आहे." त्यानं पेनाचं टोपण काढलं आणि सतराव्या नावापुढे ठसठशीत फुली मारली. "तुम्ही मध्येच हात घातलात. ही एवढी नापास."