सांगणाऱ्याचं नाव

वाचनालयाच्या अडगळीतून खोतगुरुजींनी फळा बाहेर ओढला आणि बाहीनेच धूळ पुसली. एकतीस वर्षं ते चौकात या फळ्यावर गावच्या बातम्या लिहायचे. सायकलवरून एक पाय जमिनीला टेकवून माणसं वाचत राहायची. नियम एकच, बातमीखाली सांगणाऱ्याचं नाव हवं. रस्त्याच्या खडीत माती मिसळल्याची बातमी पुसा म्हणून सरपंच आले, तेव्हा सांगणारी रखमा फळ्याला पाठ लावून उभी राहिली होती. “नाव माझं हाय. ऱ्हाऊ द्या.” बातमी राहिली.

मग मोबाइल आले आणि फळा अडगळीत गेला.

आज सकाळपासून गावच्या ग्रुपवर एकच मजकूर फिरत होता. हसीनाभाभीच्या बेकरीतले पाव खाऊन पोरं आजारी पडली म्हणे. “कुणी पाहिलं?” गुरुजींनी विचारलं. उत्तर आलं, “आलं तसं पुढं पाठवलं.” बेकरीकडे चिटपाखरू फिरकलं नव्हतं.

गुरुजींनी चौकात फळा उभा केला, तो मजकूर जसाच्या तसा उतरवला आणि खाली नावाची जागा कोरी सोडून नवा खडू ठेवला. मोटरसायकली बंद करून माणसं वाचू लागली, अगदी पूर्वीसारखी.

“आजारी पोर ज्यानं पाहिलं, त्यानं नाव लिहा,” म्हणत गुरुजींनी भाभीचा पाव चहात बुडवला.

संध्याकाळी ते फळा उचलायला आले. जागा कोरी होती, खडू अख्खा होता. बेकरीत मात्र एकही पाव उरला नव्हता.