चुकीचा पर्याय

अंकित बोरगाव मेघेत घरी बसून एआयकडून मोबाइल गेमच्या जाहिराती लिहून घेतो. जाहिरातीतला खेळणारा मुद्दाम चुकीचा पर्याय निवडतो. बघणारा चिडतो आणि गेम डाउनलोड करतो.

दुपारी शेजारच्या घरात पट्ट्याचे फटके सुरू झाले. मग शेजारीण मयुरीचं डोकं मधल्या भिंतीवर असं आदळलं, की अंकितकडचं कॅलेंडर खाली पडलं.

"जीव घेऊन राह्यला तो बायकोचा. जाय ना, सोडव तिले," आई म्हणाली.

"काम करून राह्यलो, आई."

जाहिरातीसाठी आयता प्रसंग मिळाला होता. त्याने तो टाइप केला. एआयने हे ऐकणाऱ्या शेजाऱ्यासाठी तीन पर्याय दिले: दार ठोठावा, पोलिसांना बोलवा, कानात इअरफोन घाला. "यातला चुकीचा कोणता दाखवू?"



अंकितने इअरफोन घातले आणि लिहिलं, "तिसरा. लोक लय चिडतीन."