वखारीतली वीट

लढाई थांबल्यावर गावात पहिला धंदा उभा राहिला तो जुन्या विटांच्या वखारीचा. चाळीस जणांच्या हाताला काम दिलं म्हणून मालकाचा सत्कारही झाला. निर्वासितांच्या छावणीतून परतलेला गवंडी जमीनदोस्त झालेलं घर पुन्हा बांधायला तिथं विटा घ्यायला गेला, तर ढिगातल्या विटांवर त्याच्याच स्वयंपाकघराचा निळा रंग.

"तुमचं घर तोफेच्या गोळ्यानं पडलं हो," मालक हळहळला.

गवंड्यानं एक वीट हातात फिरवून पाहिली. तिला काजळी नव्हती, कोपरे शाबूत होते आणि कडेला छिन्नीचे घाव होते.

"गोळ्यानं पडलेल्या घराची वीट अशी अखंड निघत नाही, शेठ. उभं घर पाडलंत तुम्ही."

"म्हणून तर माल चांगला आहे," मालक शांतपणे म्हणाला. "किती टाकू गाडीत?"