विंडोमागचा ओघळ

ब्रह्मपुरीच्या घरी कहकशाँ कॉम्प्युटरवर विंडो रेखाटायचा प्रोग्राम लिहीत होती. विंडो सरकवली की मागं करडा ओघळ उरायचा. जुनी जागा पुसणारं फंक्शन लिहायचं राहिलं होतं. तिनं तेही लिहिलं. ओघळ हटेल तर शपथ!

तिची अम्मी साबिरा धूळ समजून ओढणीनं स्क्रीन पुसू लागली.

“अम्मी, धूळ नाई ते. चित्र आहे.”

“मंग चिकट काऊन लागून राह्यलं? सडक्या मासोळीवानी वास येऊन राह्यला.”

ओढणीला शेंबडासारखी तार लोंबत होती. कहकशाँनं खुर्ची मागं सरकवली.

माउसवर कुणाचा हात नसताना विंडो सरकली, काठाशी पोचली आणि स्क्रीनबाहेर गेली.

विंडोमागचा ओघळ टेबलावर उतरला आणि अम्मीच्या मनगटापाशी संपला.

अम्मी बाहीच्या आत खाजवू लागली.